गुरुजींचा पासवर्ड आणि एक विनम्र प्रश्न

शिक्षकाला प्रश्न विचारणे वेगळे आणि शिक्षकाच्या वागण्याविषयी प्रश्न विचारणे वेगळे. पहिल्याला आपल्याकडे जिज्ञासा म्हणतात, दुसऱ्याला उद्धटपणा. गणिताच्या तासाला फळ्यावरील चूक दाखविणाऱ्या मुलाचे एखादे वेळी कौतुकही होते. परंतु "सर, आपला पासवर्ड संगणकाच्या पडद्यावर चिकटवलेला आहे, तो सगळ्या वर्गाला दिसतो," असे म्हणणाऱ्या मुलाचे काय होईल, हे सांगणे कठीण आहे. बहुधा तो तसे म्हणणारच नाही. त्याचे पालकही म्हणणार नाहीत, कारण मुलाला त्याच वर्गात अजून वर्षभर बसायचे असते. सहकारी शिक्षक म्हणणार नाहीत, कारण त्यांचाही पासवर्ड शेजारीच चिकटवलेला असतो. ज्या गोष्टीकडे सर्वांचे लक्ष गेलेले आहे तिच्याविषयी कोणीच बोलत नाही, अशी ही स्थिती होय.

हे चित्र कोणा एका शाळेचे नाही. देशातील कोणत्याही शहरात, कोणत्याही माध्यमाच्या शाळेत कार्यालयाच्या कोपऱ्यातील संगणक पाहावा. त्याच्यासमोर दिवसभरात मुख्याध्यापक, लिपिक, परीक्षेचे काम पाहणारे एक-दोन शिक्षक आणि काही अडले की दहावीतला एखादा हुशार विद्यार्थी, असे सर्व जण आळीपाळीने बसतात. ब्राउझरने कधी काळी "पासवर्ड लक्षात ठेवू का?" असे विचारलेले असते आणि कोणीतरी घाईत होकार दिलेला असतो. तेव्हापासून तो संगणक समोर बसणाऱ्या प्रत्येकाला मालक समजतो. पासवर्ड म्हणजे शाळेचे नाव आणि पुढे १२३. शासकीय संकेतस्थळांवर लॉगिनचे नाव म्हणून अनेकदा शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांकच द्यावा लागतो, आणि तो क्रमांक शाळेच्या फलकावर व दाखल्यावर छापलेला असतो. म्हणजे दोन किल्ल्यांपैकी एक दारावरच टांगलेली आणि दुसरी उंबऱ्याखाली. प्रश्नपत्रिका छापण्यासाठी शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात मेल उघडला जातो, मागे रांग असते, लॉग आऊट करणे राहून जाते. तेथून परतताना पेन ड्राइव्हबरोबर दुकानातला व्हायरसही शाळेत येतो. यात कोणाचाही हेतू वाईट नसतो, आणि म्हणूनच या सवयींना सवय म्हणायचे, गुन्हा नव्हे.

"आमच्या संगणकात चोरण्यासारखे आहे तरी काय?" हा अशा वेळी शिक्षकांचा ठरलेला प्रश्न असतो. तो प्रामाणिकही असतो. एके काळी त्याचे उत्तर "फारसे काही नाही" असेच होते. शाळेतील संगणकावर वेळापत्रक, सूचना आणि फार तर गुणपत्रके टंकलिखित होत असत. आता तशी स्थिती राहिलेली नाही. यूडायस प्लस या राष्ट्रीय माहितीसंचात २०२२-२३ पासून शाळेची एकत्रित आकडेवारी पुरेशी मानली जात नाही. प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद भरावी लागते. त्याचे नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे, मोबाइल क्रमांक, सामाजिक प्रवर्ग, अपंगत्व असल्यास त्याची नोंद, हे सारे त्यात येते. त्याच्याशी आता 'अपार' हा १२ अंकी शैक्षणिक ओळखक्रमांकही जोडला जात आहे.

बँकेच्या काउंटरवर बसलेल्या माणसाला ही यादी वाचताच वेगळीच शंका येईल. ग्राहकाची ओळख पटविताना विचारले जाणारे प्रश्न तरी कोणते असतात? जन्मतारीख, आईचे नाव, नोंदविलेला मोबाइल. शाळेच्या त्या एका पासवर्डामागे काही शे मुलांची ही उत्तरे एकत्र ठेवलेली असतात. पासवर्ड फुटला तर तो दहा मिनिटांत बदलता येतो. जन्मतारीख बदलता येत नाही आणि आईचे नावही बदलता येत नाही. आज सातवीत असलेल्या मुलीची ही माहिती बाहेर गेली, तर ती नोकरीला लागून स्वतःचे पहिले खाते उघडील तेव्हाही तीच माहिती तितकीच उपयोगाची असेल, तिला आणि चोरालाही.

तेव्हा प्रश्न शिक्षकाच्या खाजगी सवयींचा उरत नाही. स्वतःच्या घराला कुलूप लावायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण दुसऱ्यांच्या ठेवी ज्या तिजोरीत आहेत तिच्या किल्लीविषयी ठेवीदाराने विचारले, तर त्याला आगाऊ म्हणता येणार नाही. विद्यार्थी आणि पालक हे येथे ठेवीदार आहेत. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, की हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. तो कसा विचारावा, हा मात्र शिकण्याचा विषय आहे.

अधिकार केवळ तात्त्विक नाही, हे शिष्यवृत्तीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर विद्यार्थ्याचा अर्ज प्रथम शाळेच्या लॉगिनमधून तपासून पुढे पाठविला जातो. म्हणजे त्या पासवर्डाला सहीचे मोल आहे. २०२० च्या नोव्हेंबर महिन्यात झारखंडमधून वृत्तपत्रांत बातम्या आल्या, की अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीत दलालांनी शाळांचे लॉगिन व पासवर्ड हाती घेऊन भलत्याच लोकांना विद्यार्थी म्हणून दाखविले आणि पैसे काढले. त्या साखळीत काही बँक कर्मचाऱ्यांचाही हात असल्याचे त्या वृत्तांत म्हटले होते, ही गोष्ट बँकेच्या नियतकालिकात लपवून ठेवण्याचे कारण नाही. पुढे केंद्रीय मंत्रालयाने देशभर चौकशी केली. तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था बनावट किंवा बंद आढळल्या, २०१७-१८ ते २०२१-२२ या पाच वर्षांतील हानी सुमारे १४५ कोटी रुपयांची होती आणि प्रकरण सीबीआयकडे सोपविण्यात आले, असे २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले. या सर्व ठिकाणी भोळ्या शिक्षकाचा पासवर्ड चोरला गेला, असे मुळीच नाही. पुष्कळ ठिकाणी संगनमत होते. परंतु जेथे शिक्षक निर्दोष असतो तेथेही पहिली नोंद त्याच्याच नावावर उमटते, आणि ती आपण केली नाही हे सिद्ध करण्याचे ओझे प्रत्यक्षात त्याच्याच डोक्यावर येते. पासवर्ड लिपिकाला, लिपिकाने मदतनिसाला, मदतनिसाने सायबर कॅफेवाल्याला सांगितलेला असेल, तर ते सिद्ध करायचे तरी कसे?

दुसरी गोष्ट विश्वासाची. कोणा अनोळखी माणसाने पैसे मागितले तर लोक आता सावध होतात. पण वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात बाईंच्या नावाने, बाईंच्याच छायाचित्रासह संदेश आला, की "सहलीचे पैसे आजच या क्रमांकावर भरावेत", तर किती पालक फोन करून खात्री करतील? शिक्षकाचे खाते हस्तगत करणाऱ्याला शिक्षकाचे पैसे नको असतात. त्याला शिक्षकाची पत हवी असते. कोणीतरी फोन करून "तुम्हाला आलेला सहा अंकी क्रमांक जरा सांगा" म्हणतो, शिक्षक सवयीने सांगून टाकतात, आणि त्यांनी वीस-पंचवीस वर्षांत मिळविलेली पत तासाभरात पणाला लागते. याच व्हॉट्सअ‍ॅपमध्ये द्विस्तरीय पडताळणीचा पिन ठेवण्याची सोय आहे. ती चालू करण्यास दोन मिनिटे लागतात आणि पैसा एकही लागत नाही. तरीही ज्यांनी ती केलेली नाही अशांत सुशिक्षितांची संख्या लक्षणीय असावी, असा शाखांमध्ये येणाऱ्या तक्रारींवरून कोणीही तर्क करील.

आता शिक्षकांची बाजू. ती मांडल्याशिवाय प्रश्न विचारणे अन्यायाचे ठरेल. शाळेत संगणक एक, माहिती भरणारे दहा. शेवटची तारीख उद्या, संकेतस्थळ दिवसभर उघडत नाही, रात्री अकराला उघडते. ओटीपी मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर जातो आणि मुख्याध्यापक बैठकीला तालुक्याला गेलेले असतात. अशा वेळी पासवर्ड दुसऱ्याला सांगणे हा बेफिकीरपणा नसतो. काम पूर्ण करण्याची ती एकमेव वाट असते. शिवाय शाळांतील कित्येक संगणक जुने असतात. विंडोज ७ ची सुरक्षा-दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये थांबविली आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवीन यंत्रासाठी शाळेकडे पैसे नसतील, तर त्याचा दोष वर्गशिक्षकाच्या माथी मारता येणार नाही.

पासवर्डाच्या नियमांनीही लोकांना पुष्कळ छळले आहे. मोठे अक्षर हवे, लहान अक्षर हवे, अंक हवा, चिन्ह हवे आणि पुन्हा दर काही महिन्यांनी सर्व बदलावयाचे, हा शिरस्ता ज्या अमेरिकी शासकीय दस्तऐवजामुळे जगभर रूढ झाला तो २००३ सालचा. त्याचे कर्ते बिल बर् यांनीच २०१७ मध्ये त्यातील बऱ्याच सल्ल्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. त्याच वर्षी त्या संस्थेने नियम बदलले: पासवर्ड फुटल्याचे चिन्ह नसताना तो उगाच ठराविक मुदतीने बदलायला लावू नये, आणि चिन्हांच्या कसरतीपेक्षा लांबीवर भर द्यावा. कारण सक्तीने बदलायला लावले की माणसे शेवटचा १ काढून २ करतात, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. तेव्हा एखाद्या ज्येष्ठ शिक्षिकेने आपला लांबलचक पासवर्ड डायरीत लिहून ती कपाटात कुलूपबंद ठेवली असेल, तर तिला हसणाऱ्या तरुणाने थोडे थांबावे. सर्व ठिकाणी एकच पासवर्ड वापरून तो "पाठ" ठेवणाऱ्यापेक्षा ती बाई अधिक सुरक्षित आहे. कागदावर लिहिणे वाईट नाही. तो कागद पडद्याला चिकटविणे वाईट.

हे सर्व लक्षात घेऊन प्रश्न विचारला तर तो वेगळा होतो. "सर, तुमचा पासवर्ड अगदी सोपा आहे, मला कळला," हा प्रश्न नव्हे, ही फुशारकी आहे, आणि चारचौघांत केलेली असेल तर अपमानही. त्याऐवजी मधल्या सुट्टीत, एकटे असताना, "सर, तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा आम्ही मान वळवू का?" एवढेच एखाद्या मुलीने विचारावे. यात आरोप नाही. जबाबदारीचा अर्धा वाटा विचारणारीने स्वतःकडे घेतला आहे. कोणताही शिक्षक या प्रश्नावर रागावू शकणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो चिकटवलेला कागद निघण्याची शक्यता बरीच आहे. पालकांच्या बाबतीतही तेच. "गटावर आधार कार्डांचे फोटो का मागता?" असे सभेत उभे राहून गरजण्यापेक्षा "आमच्या मुलाचे कागद मी स्वतः आणून दिले, किंवा शेवटचे चारच अंक दिसणारे आधार दिले, तर चालेल का?" असे विचारणारा पालक शिक्षकाला एक वाटही दाखवितो. अशा झाकलेल्या आधाराची सोय आधार प्राधिकरणाने स्वतःच करून दिलेली आहे, हे अनेक शिक्षकांना ठाऊकच नसते.

एक मार्ग मात्र कटाक्षाने टाळावा. काही हुशार मुले दोष सिद्ध करण्यासाठी स्वतःच आत शिरून दाखवितात. विद्यार्थी आणि पासवर्ड यांचे हे नाते संगणकाइतकेच जुने आहे. एम.आय.टी. या विख्यात संस्थेत १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला संगणकावर मिळणारा वेळ अपुरा पडे. त्याने सर्वांच्या पासवर्डांची फाईलच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम केले. पुढे अनेक वर्षांनी त्याने हे स्वतः सांगितले आणि लोकांनी हसून सोडून दिले. आज तसे होणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी या कलमानुसार दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वा अप्रामाणिकपणे वापरणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा आणि एक लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा अपराध आहे. "मी फक्त दाखवीत होतो" हे म्हणणे पटवून देईपर्यंत मुलाचे वर्ष वाया गेलेले असेल. कुलूप उघडे दिसले तर मालकाला हाक मारावी, घरात जाऊन खुर्चीवर बसू नये.

आणि हाक ऐकणाऱ्याचेही काही कर्तव्य आहे. सहा जिज्ञासूंचे प्रश्न घेऊनच रचलेले एक उपनिषद आपल्या परंपरेत आहे, त्याचे नावच प्रश्नोपनिषद. त्यातील पिप्पलाद ऋषी आलेल्या सहा जणांना एक वर्ष आश्रमात राहावयास सांगतात आणि मग हवे ते विचारा, आम्हाला ठाऊक असेल तर सर्व सांगू, असे आश्वासन देतात. त्यातील "ठाऊक असेल तर" ही अट मोठी विलक्षण आहे. ज्ञानी पुरुषाला ती घालताना कमीपणा वाटला नाही. संगणकाच्या बाबतीत तर आजचा विद्यार्थी अनेकदा शिक्षकाच्या पुढे असतो, आणि त्यात शिक्षकाची काही मानहानी नाही. "तू म्हणतोस ते बरोबर आहे, हे कसे बदलायचे ते मला दाखव, पण पासवर्ड मी टाकीन," असे म्हणणारे शिक्षक त्या एका वाक्यात संगणकाच्या पाठ्यपुस्तकातील एक प्रकरण शिकवून जातात. याउलट, वर्गात सुरक्षिततेवर दहा गुणांचा प्रश्न लिहून घ्यायचा आणि त्याच तासाला "अरे, माझा पासवर्ड टाकून जरा हजेरी भर" असे सांगायचे, यातून मुलगा काय घेतो? तो प्रश्नाचे उत्तर पाठ करतो आणि पासवर्ड सांगणे ही विश्वासाची खूण आहे, हे शिकतो. पुढे हाच मुलगा ग्राहक म्हणून शाखेत येतो आणि एटीएम कार्ड व पिन शेजाऱ्याकडे देऊन पैसे काढून आणायला सांगतो.

त्याची किंमत तेव्हा त्यालाच मोजावी लागते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेले तत्त्व असे, की चूक बँकेची नसून तिऱ्हाइताची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले तर त्याच्यावर भार नाही. परंतु ग्राहकाने स्वतःच पिन वा पासवर्ड सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे सर्व नुकसान त्याचे. फसवणूक होताच बँकेला आणि १९३० या साहाय्यक्रमांकाला कळविण्याचा आग्रह धरला जातो तो याचसाठी. शाळेच्या लॉगिनला मात्र असे कोणतेही संरक्षक परिपत्रक नाही. तेथे मुलांचे जे जाईल ते परत देणारा कोणी नाही.

बँकेच्या अधिकाऱ्याने शिक्षकाला हा प्रश्न विचारावा काय? जरूर विचारावा. आर्थिक साक्षरतेच्या निमित्ताने बँकेची माणसे शाळाशाळांतून जातातच. बँकांनी हा धडा सहज गिरविलेला नाही. संगणकीकरणाच्या आरंभीच्या काळात शाखांमध्येही गर्दीच्या वेळी एकमेकांचे पासवर्ड वापरले जात, आणि त्यातून चौकश्या व निलंबने घडली. एकाने नोंद करावयाची आणि दुसऱ्याने ती मंजूर करावयाची ही मेकर-चेकर पद्धत दोघांचे पासवर्ड एकाच माणसाजवळ असले की निरर्थक होते, हे त्या अनुभवातून उमगले. शाळेत लिपिकाचे आणि मुख्याध्यापकांचे लॉगिन वेगळे ठेवण्यामागचे कारणही हेच आहे, ते मुख्याध्यापकांना बँकेच्या माणसाइतके चांगले दुसरे कोण सांगू शकेल?

परंतु विचारण्यापूर्वी एक गोष्ट शाखेत आधी बदलावी लागेल. शिष्यवृत्तीसाठी मुलांची खाती एकगठ्ठा उघडावयाची असतात तेव्हा वर्गशिक्षकांना "सगळ्यांची आधार कार्डे आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, लगेच करून टाकतो" असा निरोप कोठून जातो? पुष्कळदा शाखेतूनच. चाळीस मुलांचे कागद बाईंच्या वैयक्तिक मोबाइलवर गोळा होतात, तेथून शाखेतील कोणाच्या तरी वैयक्तिक मोबाइलवर येतात, आणि खाती उघडल्यानंतरही दोन्हीकडे तसेच पडून राहतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरण्यास पालकांची पडताळलेली संमती मागतो. ती संमती बाईंच्या फोनमध्ये नसते. त्याऐवजी शाखेने एक दिवस ठरवून दोन कर्मचारी शाळेत पाठवावेत, पालकांसमक्ष कागद घ्यावेत आणि मूळ प्रती तेथल्या तेथे परत कराव्यात. याला अर्धा दिवस लागतो. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना संगणकाच्या पडद्यावरील त्या कागदाचा विषय सहज काढता येईल.